सरांच्या नावाचा कृमी

कॉलेजात पाठीमागे सगळे तिला ‘जंतबाई’ म्हणत, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. आठवड्यातून दोनदा माशांच्या कल्ल्यांची पिशवी घेऊन बसमध्ये चढणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? प्राणिशास्त्र शिकवण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. वासाबद्दल कुरकुर करणं नवऱ्याने पहिल्या दोन वर्षांतच सोडून दिलं होतं.

तिच्या नावावर एकच मोठी गोष्ट होती. पंचविशीत असताना मरळ माशाच्या कल्ल्यांवर तिला एक कृमी सापडला, जेमतेम अर्ध्या मिलीमीटरचा. कल्ल्यात रुतून बसायला त्याला चार मोठे आकडे होते आणि त्यातल्या दोन आकड्यांची मुळं फेंगडी. तसा कृमी कुठल्याच पुस्तकात नव्हता. तिने मापं घेतली, चित्रं काढली, आणि नव्या प्रजातीला आपल्या गाईडचं, म्हणजे सरांचं नाव दिलं. सरांना मूलबाळ नव्हतं. “चला, नाव तरी मागे राहील,” असं म्हणून ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले होते.

यंदा दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधक मुलीचं पत्र आलं. ‘मॅडम, सहाशे मासे तपासले. तुमचा कृमी एकदाही मिळाला नाही. मूळ स्लाइड बघायला मिळेल का?’

पाठवण्याआधी एकदा बघावं म्हणून तिने स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली. कृमीचं अंग पार चेपलं होतं, एक कड फाटली होती. पंचविशीत ते तिच्या नजरेला दिसलंच नव्हतं.

“काय झालं, बाई?” प्रयोगशाळेतल्या मामांनी विचारलं.

“मामा, हा जास्त दाबला गेलाय. मुळं त्यामुळेच फाकली असतील.”

मामा बाटल्या पुसत होते. हात न थांबवता म्हणाले, “काचच ती. पोस्टात फुटते कधीकधी. कुणी विचारत नाही.”

खोटं कशाला सांगायचं, दोन दिवस तिने त्याचा विचार केला. तिसऱ्या दिवशी बाजार गाठला. पाच आठवडे ती मरळीचे कल्ले तपासत होती. त्यांवर नेहमीचा एक कृमी मिळे, साठ वर्षांपूर्वीच कुणीतरी नोंदवलेला. वरची पातळ काच हलकी ठेवली की त्याच्या आकड्यांची मुळं सरळ. अंगठ्याने दाबली की फेंगडी. अकरा कृमी दाबले, त्यातल्या नवांची हुबेहूब तिची प्रजाती झाली. नववा बघून ती उठली, हात धुवायला गेली आणि बराच वेळ धूतच राहिली.

“सर ब्याऐंशीचे आहेत,” नवरा म्हणाला. “वर्षभर थांबलीस तर कुणाचं काय बिघडतं?”

“त्या मुलीचं. तीन वर्षं ती नसलेली गोष्ट शोधतेय.”

ही वेगळी प्रजाती नाहीच, असा लेख छापायला देण्याआधी ती सरांकडे गेली. सर अंथरुणाला खिळले होते, पण डोकं लख्ख होतं. तिने सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

“स्लाइड तू केली होतीस?”

“हो, सर.”

“आणि तपासली मी.”

सरांनी चष्मा काढून उशीशी ठेवला.

“चूक कुणाची लिहिणार आहेस?”

“माझी.”

“नाव मात्र माझं जाणार.” सरांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. “मी गेल्यावर छापलं असतंस तर चाललं नसतं?”

 त्या मुलीचा विषय तिने काढला, पण सरांनी डोळे मिटून घेतले होते.

लेख दोनच पानांचा झाला. मुलीने आभाराचं पत्र पाठवलं आणि प्रबंधाची दिशा बदलली. स्टाफरूममध्ये एक जण म्हणाला, “लोक प्रजाती शोधून काढतात, बाईंनी हरवून दाखवली.” सगळे हसले. तीही हसली, आणि तास नसताना वर्गात जाऊन बसली.

दर रविवारी ती सरांकडे जाई. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, तिला बाहेरच्या खोलीत बसवत, चहा देत आणि हळूच म्हणत, “झोपलेत गं.” आतून वर्तमानपत्राची पानं उलटल्याचा आवाज येत असे. ती अर्धा तास बसे आणि निघे. आठ महिने असंच चाललं. नवव्या महिन्यात सर गेले. शेवटपर्यंत त्यांनी तिला आत बोलावलं नाही.

पुढे महिनाभराने काकू आपणहून म्हणाल्या, “तुझ्यावर रागावले नव्हते गं ते. त्यांना तुझ्यासमोर यायची लाज वाटत होती. तपासलं त्यांनीच होतं ना.”

त्यापेक्षा राग असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तिने कपबशा उचलून मोरीत नेऊन ठेवल्या आणि घरी आली.