मेन स्विचपाशी

तलासरीच्या त्या कार्यालयात मी संगणक दुरुस्तीला गेलो, तेव्हा मुख्य संगणक इतर संगणकांना नावाने सापडत नव्हता. वीज गेली की त्याचा नेटवर्कवरचा पत्ता बदले. नाव मात्र जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवी.

"ही आमची वीज कंपनी!" कारकुनाने झाडूवालीकडे पाहत टोमणा मारला.

ती पदराला हात पुसत म्हणाली, "भूकंपाचा हादरा बसला का मी मेन स्विच पाडते, साहेब. मागच्या हादऱ्यात वायर तुटून पोरगा गेला माझा. आता कामावरून काढतील का मला?"

"नाही," म्हणत मी मुख्य संगणकाला कायमचा एकच पत्ता नेमून दिला.

तेवढ्यात भिंती थरथरल्या. सगळे बाहेर धावले, त्यांत मीही. तिची आठवण मला अंगणात पोहोचल्यावर झाली. वळून पाहिले, तर ती एकटीच आत, मेन स्विचकडे चालली होती.