जिनात झालेलं मंदीवरचं व्याख्यान

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले तरी नांदुऱ्यातल्या कापसाच्या जिनाचं, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचं, फाटक बंद होतं. जगात मंदी होती, आणि नांदुरा रेल्वेवर असल्यामुळे ती आमच्याकडे वेळेवर पोचली होती. जिनाचे मालक आमच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. म्हणून मी दिवसा मुलांना इंग्रजी शिकवी आणि संध्याकाळी त्यांची इंग्रजी पत्रं लिही. ताज्या पत्रात जिनाची यंत्रं मुंबईच्या व्यापाऱ्याला विकून टाकण्याचं पक्कं झालं होतं. “हे आपल्या दोघांतच, मास्तर,” मालक म्हणाले. मला नोकरी हवी होती.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या एका प्राध्यापकांचं व्याख्यान होतं: ‘राजकारण, संस्कृती आणि जागतिक मंदी’. एवढं सगळं मावेल अशी जागा गावात एकच, जिनातली रिकामी शेड. सकाळी फाटक उघडून शेड झाडून घेतली. ते पाहून जिनात कापूस निवडणाऱ्या बाया भाकरी बांधून हजर झाल्या. जिन सुरू झालं, असं त्यांना वाटलं. श्रोते कमी पडत होते, म्हणून त्यांना कोणी परत पाठवलं नाही.

प्राध्यापक मूळचे आमच्याच जिल्ह्यातले. अर्थशास्त्र मराठीत सांगता येत नाही, हे त्यांनी स्वच्छ मराठीत सांगितलं आणि मग ते इंग्रजीत शिरले. मी शेजारी भाषांतराला उभा. सोन्याचे साठे झाले, विलायतेचं राजकारण झालं, शेवटी आपल्या संस्कृतीतला संतोष आला. संतोषाला मालकांनी टाळ्या वाजवल्या.

“कोणाला काही शंका?” प्राध्यापकांनी विचारलं.

मागून बायांची मुकादमीण उठली. “मास्तर, साहेबाले येवढं इचारा, जिन कवा सुरू होते? खानदेशातल्या जिनावर बाया कामाले घेऊन राह्यले. आमची टोळी उद्याच्या गाडीनं जाऊन राह्यली होती. आता जावं का थांबावं?”

“साहेबाले काय ठाव व माय?” दुसरी म्हणाली. “मालक बसले ना समोर हार घालून, त्याईले इचार!”

बाया हसल्या. मालक माझ्याकडे पाहत होते.

मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. प्राध्यापक खूश झाले; फार मूलगामी प्रश्न, म्हणाले, आणि पाव तास बोलले. मग सगळ्या बाया माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. मी नुसतं ‘जा’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

“साहेब म्हणतात, कोणतीही मंदी कायम टिकत नाही. माणसानं आपली माती सोडू नये.”

भाषांतर अचूक होतं.

“म्हंजे थांबावं?”

मालक खाकरले.

“साहेबांचं म्हणणं तसं आहे,” मी म्हणालो.

“मंग थांबतो. येवढा शिकेल माणूस खोटं कायले बोलन?”

टोळी थांबली. आठवड्यानं यंत्रं न्यायला बैलगाड्या आल्या, आणि सुटे भाग डोक्यावरून वाहायला याच बाया लावल्या. खानदेशातली भरती तोवर संपली होती. मालाची इंग्रजी यादी करायला अर्थात मी. मुकादमीण एक लोखंडी चाक डोक्यावर घेऊन माझ्यापुढे थांबली.

“मास्तर, तुमाले ठाव होतं?”

मालक फाटकातच उभे होते.

“मी फक्त भाषांतर करत होतो,” मी म्हणालो.

“हाव,” ती म्हणाली. “सरका मंग बाजूले. वजन हाय.”