दहा माणसं

मिरजोळ्याच्या एका कारखान्यात नोकरी करणारे काका आणि काकी आमच्या शेजारी राहायला आले, त्या दिवशी आई त्यांच्याकडे वाडगाभर कोलंबी घेऊन गेली. आमचं घर मासळीवर चालणारं. बाबा होडीवर, आई बाजारात. काकी ओशाळल्या. म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे इथले यहुदी. खवले आणि पर असलेलाच मासा आम्हाला चालतो. कोलंबी, कुर्ल्या, मुशी नाही चालत."

आई घरी येऊन म्हणाली, "आडनावाला 'कर', बोलणं आपल्यासारखं, आणि कोलंबी नाही खात!"

हळूहळू ओळख वाढली. शुक्रवारी ऊन उतरायच्या आत काकी डोक्यावर पदर घेऊन दिवा लावत. काका घरात शिरताना चौकटीवरच्या बोटभर डबीला हात लावून बोटं ओठांना टेकवत. त्या डबीत प्रार्थना लिहिलेली असते, एवढं मला कळलं होतं. एकदा ओटीवर बसून काकांनी त्यांच्या पूर्वजांची गोष्ट सांगितली. अलिबागजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांनी कोकणात तेलाचे घाणे घातले. "पोथ्या बुडाल्या," काका म्हणाले, "पण देव एकच आहे, एवढी प्रार्थना तोंडपाठ राहिली. आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा हे राहिलं. म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणायला लागले."

तीन वर्षांपूर्वी काका चहा पिता पिता गेले. त्याच दिवशी त्यांना अलिबागकडच्या त्यांच्या गावी नेऊन पुरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकी, मुलगी आणि जावई परत आले. आता दुखवट्याचे सात दिवस जमिनीवर बसायचं होतं. मुलगी माझ्या आईला म्हणाली, "मावशी, या दिवसांत आमच्या घरी चूल पेटवत नाहीत. जेवण शेजाऱ्यांनी द्यायचं असतं."

आई उठली ती थेट बाजारात गेली. नवा टोप, नवी पळी घेऊन आली. मी म्हटलं, "घरात एवढे टोप आहेत की."

"आपल्या सगळ्या टोपांत कुर्ल्या शिजल्यात गो. त्यांना कळणार नाही, पण मला माहीत आहे ना."

तिने मसुराची आमटी आणि भात केला, अंडी उकडली. काकींनी दोन घास खाल्ले आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून पहिल्यांदा मोठ्याने रडल्या.

संध्याकाळी प्रार्थनेला माणसं जमली. लोट्याहून भाचा आला, चिपळूणहून त्यांच्यातले एक म्हातारे गृहस्थ आले. पुरुष मोजले तर नऊच भरले. मेलेल्या माणसासाठीची प्रार्थना दहा पुरुष असल्याशिवाय म्हणत नाहीत. बाबा दारात उभे होते. काकींना म्हणाले, "वहिनी, मी येऊ? दहा होतील."

काकींनी म्हाताऱ्यांकडे पाहिलं. ते उठून बाबांजवळ आले. "तुम्हाला मोजता येत नाही हो. मोजणीत आमचेच लागतात. पण बसा आमच्यात. डोक्यावर काहीतरी घ्या."

बाबांनी खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि भिंतीकडेला बसले. त्या दिवशी ती प्रार्थना झाली नाही. दुसऱ्या दिवशी पनवेलहून एक नातेवाईक रेल्वेने आला तेव्हा झाली. बाबा त्याही दिवशी गेले, आणि सातव्या दिवसापर्यंत रोज गेले.

शेवटच्या संध्याकाळी त्यांनी म्हाताऱ्यांना विचारलं, "यात मरणाबद्दल काय म्हटलंय?"

"काही नाही. मरणाचा शब्दही नाही त्यात. देव मोठा आहे, त्याची स्तुती असो, एवढंच."

बाबा घरी आले आणि ओटीवर बसले. बाबांचा धाकटा भाऊ, माझा काका, समुद्रात बुडून गेला होता. त्याचं नाव बाबा घरात कधी काढत नसत. त्या संध्याकाळी ते आपणहून त्याच्याबद्दल बोलायला लागले. तो पोहायचा कसा, जाळं विणताना गायचा काय. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ऐकत उभी राहिली.