औदुंबराचा पार आम्ही फोडला

“मॅडम, जास्त खोलात शिरू नका. रिपोर्टमध्ये ‘धोकादायक’ एवढं लिहा, बाकी आम्ही बघतो,” कुलकर्णी म्हणाले. हे कर्वेनगरच्या त्या सोसायटीचे चेअरमन. समोर औदुंबर, अर्धा वाळलेला. सोमवारी उद्यान विभागाचे साहेब पाहणीला येणार होते. त्यांनी मान डोलावली की करवत चालणार.

“अहो, तपासल्याशिवाय कसं लिहू?” मी म्हटलं आणि पिशवीतून लाकडी हातोडा काढला.

मी झाडांची तपासणी करते. लोक झाडांची डॉक्टर म्हणतात, मलाही आवडतं! हातोड्याने खोडावर ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. पोकळ झाड ढब्ब वाजतं. हे ठणठणीत वाजत होतं, सगळीकडून! मग वाळतंय कशाने? कीड नाही, बुरशी नाही. मी तीन फेऱ्या मारल्या, काही कळेना.

“आधी रस्त्याकडची फांदी गेली,” मागून आवाज आला. “मग तिच्या वरची. गेल्या दिवाळीपासून वरचा शेंडा.”

या जोगळेकर काकू. पंचाहत्तरीच्या. रोज सकाळी औदुंबराला अकरा प्रदक्षिणा. हे झाड त्यांच्या यजमानांनी लावलेलं. ते खडकीच्या फॅक्टरीत होते, आता हयात नाहीत.

“काकू, पहिली फांदी कधी वाळली, आठवतंय?”

“न आठवायला काय झालं? पार बांधला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात.”

मी चक्क गुडघ्यांवर बसले. खोड जमिनीला मिळतं तिथे ते पसरट व्हायला हवं. त्या जागेला आम्ही रूट कॉलर म्हणतो. इथे खोड विजेच्या खांबासारखं सरळ पारात घुसलं होतं! म्हणजे रूट कॉलर खाली गाडली गेली होती. पार बांधताना दोन फूट भराव टाकलेला, वर संगमरवर, आणि सिमेंट थेट सालीला भिडवलेलं. मुळांना ना हवा, ना पाणी. झाडाचा गळाच आवळला होता.

“सापडलं!” मी ओरडलेच. “हा पार झाडाला मारतोय! फोडला तर वाचेल!”

कुलकर्णी बुटांकडे बघत राहिले. मग माझं लक्ष पाराच्या दर्शनी फरशीकडे गेलं. ‘कै. वसंत जोगळेकर यांच्या स्मरणार्थ.’ पार काकूंनीच बांधून घेतला होता. माझा उत्साह खाडकन उतरला. कुठे तोंड लपवू असं झालं.

काकू पारावर टेकल्या. “म्हणजे मीच...” एवढंच म्हणाल्या.

“काकू, सगळे असाच बांधतात. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही.”

“वाचेल नक्की?”

“नक्की नाही सांगता येणार. पण शक्यता चांगली आहे.”

“त्यासाठी जनरल बॉडीचा ठराव लागेल,” कुलकर्णी घाईने म्हणाले. “नोटीस काढावी लागेल. चौदा दिवस.”

“कुलकर्णी, पार बांधला तेव्हा ठराव केला होतात?” काकूंनी विचारलं.

“नाही, पण...”

“मग फोडायला कशाला हवा? नाव राहील आणि झाड जाईल, असलं स्मारक मला नको. ह्यांनाही आवडलं नसतं.”

शनिवारी सकाळी सातला मी वारज्याहून पोचले, तर दर गुरुवारी या औदुंबरापाशी दत्ताची आरती करणारी अख्खी मंडळी खुरपी, घमेली घेऊन हजर! पहिला घाव काकूंनी घातला. फरशीचा टवकाही उडाला नाही, पण टाळ्या पडल्या. संगमरवर गवंड्याने काढला. खालची माती मात्र मी हातानेच काढायला लावली, कारण कुदळ मुळाला लागली तर होतं नव्हतं ते जायचं. बँकेतून निवृत्त झालेले दोघे आणि आयटीतली एक मुलगी कोपरापर्यंत मातीत. कुणाला घरी जायचं भान नव्हतं!

दुपारी खोड रुंद व्हायला लागलेलं दिसलं. आणि त्याच्याभोवती मनगटाएवढं एक मूळ, झाडाचं स्वतःचंच, फासासारखं आवळलेलं. भरावात वाट न मिळाल्याने ते गोल फिरलं होतं. मी ते बारीक करवतीने हळूहळू कापलं. तुकडा निघाला तेव्हा आरतीवाल्यांनी असा गजर केला की पलीकडच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले.

सोमवारी साहेब आले. खड्ड्यात वाकून बघितलं, माझा रिपोर्ट वाचला. वाळक्या फांद्या उतरवायला सांगितल्या आणि झाड तोडण्याची परवानगी नाकारली. सहा महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले.

इतके महिने थांबायची वेळच आली नाही. चौथ्या महिन्यात काकूंचा फोन आला. “अहो, लगेच या!” मी हातातलं काम टाकून गेले. वाळलेल्या बाजूला तांबूस पालवी! खाली थेट खोडावर उंबरांचे घोस! काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला की दोघींनाही रडू आवरेना. कुलकर्णी तेवढ्यात येऊन म्हणाले, “फळं पडून पार्किंग घाण होतंय, त्याचं काहीतरी लिहून द्या.”

मी नाही दिलं.

माझ्याकडे हातोडा आहे, पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. पण कुठली फांदी कधी वाळली, हे त्यातलं काहीच मला सांगू शकलं नसतं. म्हणून आता कुठल्याही सोसायटीत गेले की आधी विचारते, या झाडापाशी रोज कोण येतं? ‘कुणीच नाही’ म्हणाले, की मला रिपोर्ट लिहायला सोपा जातो. झाड वाचवायला अवघड जातं.