लांबपायांचे गुरुजी

मला मराठी लिहायला शिकवलं ते लोहाऱ्याच्या शाळेतल्या सायन्सच्या गुरुजींनी. माझी शाळा उर्दू चौथीत सुटली. निजामाचं राज्य गेलं, कारभार मराठीत आला, आणि शाळेचा शिपाई असून मला नोटीस वाचताना घाम फुटायचा. गुरुजींनी मला बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायला बसवलं. आज नागपुरात, इस्पितळाच्या औषधखोलीत तेच काम करतो. चुकीनं कुणाचा जीव जाईल या धास्तीनं प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचतो.

गुरुजी ओढ्याकाठचे दगड उलटायचे. खाली दाण्याएवढ्या अंगाचा, केसासारख्या पायांचा जीव असायचा. पाहून झालं की दगड होता तसा ठेवायचे. कुणी त्या जिवाला कोळी म्हटलं की चिडायचे. "कोळी कसला? त्याला कंबर न्हाय, जाळं न्हाय, विष न्हाय. गरिबावर आळ कशाला घेता?" ते त्याला लांबपाया म्हणत.

लांबपायांची कुळं पुष्कळ. कूळ ठरवायला भिंगाखाली पावलांची पेरं मोजावी लागतात. आमच्या ओढ्यातला लांबपाया ओल्या, उष्ण रानातल्या एका कुळाचा आहे, असं गुरुजींचं म्हणणं. आपल्या भागात त्याची नोंद कुणी केली नव्हती. कलकत्त्याच्या एका जाणकारांनी होकार दिला की ती होणार होती.

हेडमास्तर चिडवायचे, "काय गुरुजी, जमली का सोयरीक?"

"आधी कूळ तर कळू द्या साहेब!"

तीन वर्षांत एकच धड नमुना मिळाला. पार्सल मी बांधलं. हा जीव धरला की पाय सहज गाळून टाकतो. बाटलीत सुटे धरून आठापैकी सातच पाय भरले. आपल्याकडं कुणाला अपुरं काही पाठवत नाहीत. म्हणून मी तुळजापूरच्या घाटातल्या लांबपायाच्या बाटलीतून एक सुटा पाय चिमट्यानं उचलून यात सोडला. वाटलं, गुरुजींची शान राहील.

कलकत्त्याहून दोन ओळी आल्या. एक पाय दुसऱ्याच जातीचा आहे. नमुन्यांची सरमिसळ झालेली दिसते. हा लोहाऱ्याचाच कशावरून?

मी रडत सगळं सांगितलं. गुरुजी बराच वेळ भिंग पुसत राहिले. मग म्हणाले, "लेका, कमी हाय तिथं कमी लिहायचं असतं." उत्तरात मात्र त्यांनी स्वतःवर घेत लिहिलं, "चूक माझी." पुन्हा पत्र आलं नाही.

"मोडली म्हणायची सोयरीक!" हेडमास्तर सगळ्यांसमोर म्हणाले. गुरुजी हसले. नोकरी जाईल म्हणून मी गप्प उभा राहिलो. त्यानंतर गुरुजींना ओढ्याकडं जाताना कुणी पाहिलं नाही.

नागपूरच्या नोकरीसाठी शिफारसही त्यांनीच लिहून दिली. एस्टीत बसवायला आले तेव्हा खोकत होते. ते गेल्याचं कार्ड मला दोन महिन्यांनी मिळालं.

गुरुजी, रजा मिळाली की मी लोहाऱ्याला येईन. तसाच लांबपाया हुडकून कलकत्त्याला पाठवीन, आणि सोबत लिहीन की तो पाय शिपायानं टाकला होता, गुरुजींनी नाही.