मेतकुटाच्या डब्यात काय होतं

भुतंखेतं, दृष्टांत, अंगात येणं... मला कधीच पटलं नाही. सासूबाई मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला आल्या की मी सरळ बाल्कनीत पळते. तरी हे लिहितेय, कारण मनात ठेवून जीव गुदमरायला लागलाय.

आम्ही अबूधाबीत, मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. ह्यांचं मुसफ्फामध्ये फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. माझा धाकटा भाऊ सुनील तिथेच फोरमन. बीम उचलताना त्याची पाठ गेली, पेनकिलर सुरू झाल्या, त्या सुटेचनात. वर्कशॉपचा ड्रायव्हर गोळ्या आणून द्यायचा. त्याला कोण देतं, हे सुनीलला कधी कळलं नाही.

आमचा मामेभाऊ अमेरिकेत असतो. त्याच्या राज्यात अशा व्यसनावर एक ट्रीटमेंट कायदेशीर झालीय — झाडाच्या मुळापासून केलेलं औषध. डॉक्टर शेजारी बसतात, माणूस तासन्‌तास डोळे मिटून काहीबाही बघत राहतो. सुनीलला एअरपोर्टवर ह्यांनीच सोडलं. मिठी मारून म्हणाले, "यल्ला, चल, बरा होऊन ये!" मला तर रडूच आलं.

तो गेल्यावर आई पडली म्हणून मी चिपळूणला जाऊन आले. सुनीलला कळवलंच नाही, उगाच काळजी करत बसला असता. येताना बॅगेत नेहमीसारखं दहा घरांचं सामान — कुणाचं कोकम, कुणाचे पापड, आणि ह्यांच्या मित्राने दिलेला मेतकुटाचा डबा. आपल्याच माणसाचं ते, उघडून कोण बघतं?

ट्रीटमेंटनंतर सुनीलचा फोन आला.

"ताई, तू चिपळूणला गेली होतीस? मला दिसलीस. बॅगेत मेतकुटाचा डबा होता, त्यात गोळ्या. भावोजी चमच्याने उकरून काढत होते."

"काहीतरीच काय! शुद्धीवर आहेस ना?" मी हसले. फोन ठेवून डबा उघडला. टेप आधीच कापलेली. चमचा घातला, तर खाली स्ट्रिप्स... सुनील घ्यायचा त्याच!

इथे अशा गोळ्या परवानगीशिवाय आणल्या तर थेट जेल. आणि त्या माझ्या बॅगेतून? माझ्याच नवऱ्याने?

ह्यांनी नाकबूलसुद्धा केलं नाही. "अगं, तो आडवा पडला असता तर वर्कशॉप खलास झालं असतं. आता येईल, पाठ दुखणारच ना परत..."

म्हणजे एकीकडे बरा होऊन ये म्हणायचं, आणि दुसरीकडे त्याच्यासाठी साठा करून ठेवायचा! केसाने गळा कापला हो माझ्या भावाचा.

डॉक्टर म्हणतात, औषधाने जुन्या आठवणी वर येतात. अहो, पण डबा तर तो गेल्यानंतर आला! मला काही उलगडत नाही.

काल सुनीलने विचारलं, "डब्यात काही नव्हतं ना गं? भावोजी असं करणार नाहीत."

"होतं," मी म्हटलं. "इकडे येऊ नकोस. सरळ आईकडे जा."

तो म्हणाला, "आणि तू, ताई?"

मी अजून ह्याच घरात आहे. का, ते विचारू नका... तेही मला सांगता येत नाही.