बारा चिठ्ठ्या

एक बोट वर करायचं, घसा खाकरायचा आणि म्हणायचं, "एकदाच बोलेन हां. साहेब दोनदा बोलत नसतो." एवढं झालं की सर वर्गाच्या मागच्या भिंतीशी जाऊन उभे राहत. मुलांची तोंडं फळ्याकडे, सरांचा आवाज पाठीमागून. ओठ बघून किंवा हातवारे बघून अंदाज बांधायची सोयच नाही. तिथून ते साध्या आवाजात, चहा मागावा तसं, इंग्रजीत एक वाक्य बोलत. टोपी बाकाखाली ठेवा. उजवीकडच्या मुलाला तुमची पेन्सिल द्या. डोळे मिटा आणि मी टाळी वाजवली की उघडा. ज्याला कळलं तो करी. ज्याला कळलं नाही तो शेजाऱ्याचं बघून करी, आणि बघून करणारा नेहमी अर्धा क्षण मागे राही. त्या अर्ध्या क्षणाचे ते मार्क कापत.

तुम्ही त्या काळात शाळेत असाल तर तुम्हाला हे खरं वाटणार नाही. इंग्रजीची परीक्षा म्हणजे तेव्हा भाषांतर, स्पेलिंगं आणि पाठ केलेला निबंध. कानाची परीक्षा कोण घेतो? आमच्या अंधेरीच्या शाळेत हे एकटे घेत. मी त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांच्या नावाला एकदा माझ्यामुळे बट्टा लागला आहे. तेच सांगायला बसलो आहे.

ते मरोळच्या पलीकडच्या गावठाणातले. ख्रिस्ती, पण घरात बोलणं मराठीच, दारात भाताची खाचरं. सायकलवरून येत, पॅंटीचे पाय चिमट्यांनी आवळलेले. वर्गात शिरले तरी एक चिमटा हमखास तसाच राही. "माझा बापूस भात लावायचा, मी इंग्रजी लावतो," असं म्हणत. "दोन्हीला गुडघाभर चिखलात उतरायला लागतं."

मास्तरकीच्या आधी ते गोदीत मालाची नोंद घेणारे कारकून होते. बोटीवरचा गोरा अधिकारी वरून काहीतरी ओरडायचा आणि निघून जायचा. ते ऐकलं नाही तर साखरेची पोती चुन्याच्या गुदामात. "माझं इंग्रजी तिथं झालं," ते सांगत. "पुस्तक नाही, मास्तर नाही. डोक्यावर साहेब आणि पायाखाली पाणी."

"पण सर, साहेब गेला की आता," मी एकदा म्हणालो.

"गेला. दोनदा बोलायला शिकून गेला काय?"

मी त्या वेळी पंचविशीचा, नुकता बी. टी., म्हणजे मास्तरकीची परीक्षा, झालेला, शाळेत कच्च्या नोकरीवर. नववीची एक तुकडी त्यांच्याकडे, दुसरी माझ्याकडे. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. ते आम्हा सगळ्यांना मास्तर म्हणायचे, अगदी घंटा देणाऱ्या शिपायालासुद्धा.

कानाची परीक्षा ऐकलीत. वाचनाची आणखी निराळी. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ते चिठ्ठ्या ठेवत. पतंगाचा कागद, जुनं कॅलेंडर, लग्नपत्रिकेची पाठ, हाताला लागेल त्याच्या. प्रत्येक चिठ्ठीवर इंग्रजीत एक काम लिहिलेलं. मुलाने चिठ्ठी उचलायची, मनात वाचायची आणि न बोलता ते काम करून यायचं. मोठ्याने वाचलं तर शून्य. "पोपट पण मोठ्यानं वाचेल," ते म्हणत. "तुला कळलं काय ते हातापायानं सांग."

एकदा एका चिठ्ठीवर होतं, हेडमास्तरांकडे जा, नमस्कार कर आणि किती वाजले ते विचार. ही चिठ्ठी डब्यात परत जाई आणि पुन्हा निघे. एका तासात सात मुलांनी हेडमास्तरांना वेळ विचारली. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी नववीच्या भिंतीवर घड्याळ लावून दिलं. सरांनी चिठ्ठी बदलली. आता मुलं जाऊन त्यांची तब्येत विचारू लागली. पाचव्या मुलानंतर हेडमास्तर आरशासमोर उभे राहून जीभ बघत होते आणि संध्याकाळी डॉक्टरकडे जाऊन आले, असं शिपायाने आम्हाला सांगितलं.

आणखी एक मुलगा होता, इंग्रजीच्या नावाने पूर्ण आनंद. त्याला चिठ्ठी आली. त्याने ती उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली आणि काहीच न कळून तो जागेवर बसून राहिला. चिठ्ठीत होतं, जागचा हलू नकोस. सरांनी दहापैकी दहा दिले. "नशिबाचे आहेत," ते म्हणाले. "घे, पण घरी सांगू नकोस." त्याने घरी सांगितलं, बापाने पेढे आणले, आणि सरांनी दोन खाल्ले.

आम्ही शिक्षक हसायचो. मी जास्त. पण माझ्या तुकडीतली मुलं पाठांतरात हुशार होती आणि त्यांची मुलं इंग्रजीत बोललेलं ऐकून उठायची-बसायची, हा फरक मला दिसत होता. दिसलेला आवडत नव्हता.

त्या वर्षी शाळेला अकरावीची, म्हणजे एस. एस. सी.ची, परवानगी मिळायची होती. इन्स्पेक्टरसाहेब येऊन नववीचं इंग्रजी तपासणार होते. हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं.

"साहेबांना त्या चिठ्ठ्यांचा प्रकार बघायचाय. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलंय. मुलं अडखळली तर परवानगी गेली."

"सर करून घेतील."

"ते काही करून घेत नाहीत, मी विचारलं. म्हणतात, तयारी केली तर परीक्षा कसली. तुम्ही समजून घ्या. अकरावी नाही आली, तर जूनमध्ये कच्च्या मास्तरांना नमस्कार करावा लागेल."

कच्चे मास्तर दोन. त्यातला एक मी. लग्नाला चार महिने झालेले, आणि सासऱ्यांना मी नोकरी पक्की आहे असं सांगितलेलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी सर सायकल काढून गेल्यावर मी शिक्षकांच्या खोलीतलं कपाट उघडलं. डब्यात बारा चिठ्ठ्या होत्या. मी त्या वाचल्या, कागदाच्या रंगासकट वहीत उतरवल्या आणि होत्या तशा घडी घालून ठेवल्या. सकाळी प्रार्थनेच्या आधी सरांच्या तुकडीतली पुढच्या बाकांवरची बारा मुलं पाण्याच्या टाकीमागे गोळा केली आणि घोकून घेतलं. पिवळी, खिडकी उघडायची. निळी, फळ्यावर शाळेचं नाव. कॅलेंडरचा कागद, पाहुण्यांना पाणी. वाचायचं नाही, नुसतं वाचल्यासारखं करायचं. मुलांनी मान डोलावली. एकाने विचारलं, "सरांना ठाऊक आहे ना?" मी म्हणालो, "हो."

मला एक गोष्ट ठाऊक नव्हती. रात्रभर डब्यात राहिलेली चिठ्ठी ते कधीच वापरत नसत. तिला ते शिळी चिठ्ठी म्हणत. सकाळी येऊन त्याच रंगांच्या कागदांवर ते नवी कामं लिहीत. इतके दिवस त्यांच्या या परीक्षेला हसणाऱ्या मला ही परीक्षा कशी तयार होते हे बघावंसं कधी वाटलं नव्हतं.

इन्स्पेक्टरसाहेब खुर्चीवर बसले. शेजारी हेडमास्तर. मी दारात. सरांनी डबा पुढे केला.

पहिल्या मुलाने पिवळी चिठ्ठी उचलली, तिच्याकडे गंभीरपणे पाहिलं आणि खिडकीकडे गेला. खिडकी उघडीच होती. त्याने ती लावली आणि पुन्हा उघडली. साहेबांनी चिठ्ठी मागून घेतली. तिच्यात होतं, पाहुण्यांना तुझं नाव सांग.

दुसऱ्याने निळी घेतली आणि फळ्यावर सुवाच्य अक्षरात शाळेचं नाव लिहिलं. चिठ्ठीत होतं, मित्राच्या शेजारी जाऊन उभा राहा.

तिसरा कॅलेंडरचा कागद घेऊन धावत बाहेर गेला आणि पेलाभर पाणी घेऊन आला. चिठ्ठीत होतं, तीनदा उडी मार. साहेबांनी चिठ्ठी वाचली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पाणी गार आहे. पण उड्या राहिल्या."

चौथ्याला काय करावं कळेना. तो रडवेला होऊन दाराकडे, म्हणजे माझ्याकडे, बघू लागला. सरांनी त्याची नजर पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मग चटकन त्या मुलाच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभे राहिले.

"साहेब, तालीम करून घेतली होती," ते म्हणाले. "चिठ्ठ्या बदलल्या गेल्या. चूक माझी."

हेडमास्तर खाली बघत होते. माझे ओठ हलले असतील. आवाज आला नाही.

साहेबांनी पेला खाली ठेवला. मग उठले, हात मागे बांधून वर्गाच्या मागच्या भिंतीशी गेले आणि पुटपुटल्यासारखं इंग्रजीत म्हणाले की, ज्यांची घरं रुळांच्या पूर्वेला आहेत त्यांनी उभं राहावं, बाकीच्यांनी पुस्तक डोक्यावर धरावं. एकदाच म्हणाले. मला दारातून नीट ऐकूही आलं नाही. पण वर्गात सळसळ झाली. निम्मी मुलं उभी राहिली, निम्म्यांच्या डोक्यावर पुस्तकं चढली, आणि कुणी कुणाकडे बघितलं नाही. तो पूर्ण आनंद मुलगा मात्र पुस्तक डोक्यावर धरून उभा होता. साहेबांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "आमचं घर पूर्वेला, पण आम्ही पलीकडे मामाकडे राहतो."

परवानगी मिळाली. सोबत एक शेरा आला. मुलांची समज उत्तम. मात्र संबंधित शिक्षकाने तपासणीत बनाव केल्याचे स्वतः कबूल केले असल्याने त्यांच्याकडे वरचे वर्ग देऊ नयेत.

इंग्रजी तेव्हा आठवीपासून सुरू व्हायचं. खालचे वर्ग म्हणजे इंग्रजी बंद. सरांना पाचवीची सूतकताई मिळाली. त्यांची नववी मला मिळाली आणि जूनमध्ये माझी नोकरी पक्की झाली. सासऱ्यांना सांगितलेलं अखेर खरं झालं, हा विचारही तेव्हा मनात आला होता, तो लपवत नाही.

पाचवीच्या वर्गावरून जाताना मी पावलं भराभर टाकायचो. आत चाळीस टकळ्या गरगरत असायच्या आणि मध्ये सर, कोटाला कापूस चिकटलेला, एखाद्याचा धागा तुटला की जोडून देत. एकदा त्यांनी मला थांबवलं. वाटलं, आता. ते म्हणाले, "मास्तर, तुझी पोरं बघून करतात हल्ली. पाठीमागून बोल." एवढंच.

निवृत्त होईपर्यंत ते टकळीच शिकवत राहिले. ते निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्यावर मी धीर केला. संस्थेच्या चिटणीसांना उद्देशून इंग्रजीत दोन पानी कबुलीजबाब लिहिला आणि एका रविवारी, त्यांची चर्चची वेळ टळल्यावर, गावठाणात गेलो. त्यांच्या बायकोने ताटलीत फुगे आणून ठेवले. फुगे म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले पोकळ गोळे. "खा, बाबा. शाळेतला माणूस किती दिवसांनी आला," ती म्हणाली. मी फुगा ताटलीत परत ठेवला. मी कागद पुढे केला.

सरांनी चष्मा लावला आणि तो वाचला. मनात.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"अरे मास्तर, कुणी शिकवल्याशिवाय पोरं एवढी शिस्तीत चुकतात काय?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर साहेबानं पोरांना विचारलं असतं, कुणी पढवलं म्हणून. बारा पोरांना मास्तराविरुद्ध साक्षीला उभं करू?" मग फुग्यांची ताटली माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आणि तुझी नोकरी कच्ची. माझ्याकडं भात तरी पिकतो. खा."

मी रडायच्या बेतात होतो. त्यांनी ते बघितलं आणि पेन्सिल मागवली.

"हे काय लिहिलंस? माझा आत्मा मला खातो. काढ. मी रात्रंदिवस तळमळतो. रात्री झोपतोस ना?"

"झोपतो."

"मग काढ." ते ओळींमागून ओळी खोडत गेले. "चिटणीसाला काय केलंस ते पाहिजे. तुला काय वाटलं ते तुझ्या बायकोला सांग." दोन पानांतल्या सहा ओळी उरल्या. कागद परत देत म्हणाले, "फेअर करून आण. बघतो एकदा."

सहा ओळी फेअर करायला मला तीन आठवडे लागले. आधी परीक्षा होत्या, मग पेपर तपासायचे होते, मग चांगला कागद मिळत नव्हता. सगळी कारणं खरी होती. चौथ्या आठवड्यात शिपायाने सांगितलं की सर खाचराच्या बांधावर बसल्या बसल्या गेले आणि माती होऊनही दोन दिवस झाले.

त्या संध्याकाळी मी पत्र पाठवलं. चिटणीसांचं एका ओळीचं उत्तर आलं. पत्र मिळाले, विषय जुना असल्याने दफ्तरी दाखल केले आहे.

पेन्सिलीने खोडलेली ती दोन पानं मी ठेवली आहेत. पहिलं पान पुरतं खोडलेलं आहे. दुसऱ्यावर उरलेल्या ओळींत कुठे शब्द बदललेला, कुठे स्वल्पविराम घातलेला. एका वाक्याला मात्र त्यांनी हात लावलेला नाही. मी दारात उभा होतो आणि बोललो नाही, असं ते वाक्य आहे. त्याच्यापुढे समासात त्यांनी बरोबरची एक छोटी खूण केली आहे.